ताटलीत काय आहे, ते सांगूनच द्यावे



आगमनकाळाचा दुसरा रविवार झाला. मिस्सा संपल्यावर नाताळच्या तयारीची बैठक बसली. गव्हाणी, कॅरल, रोषणाई हे विषय दहा मिनिटांत आटोपले, पण कुकीपाशी येऊन घोडे पेंड खाऊ लागले. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी यंदा कॉर्नफ्लेक्सच्या कुरकुरीत कुकी स्वतः भाजायचे ठरवले आहे आणि त्या आपापल्या सोसायटीत, शेजारीपाजारी वाटायच्या आहेत. कल्पना मुलांचीच. मी फक्त एवढेच म्हटले की कुकी बिनअंड्याच्या करू या. त्यावर पाऊण तास वाद झाला.

एक काका म्हणाले, "आपला सण, आपली पद्धत. दिवाळीला कोणी आपल्याला विचारून फराळ करते का?" एका ताईंचे म्हणणे वेगळे होते. एक अंडे घातले तर चव येते, रंग येतो, कोणाला कळणार आहे? आणि कोपऱ्यातून नेहमीचा आवाज आला की बेकरीतून तयार खोके आणा आणि मोकळे व्हा. तिघांनाही मी तिथे धड उत्तर देऊ शकले नाही. घरी आल्यावर सुचले, म्हणून हे लिहिते आहे. मात्र आधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय माझे मत म्हणजे नुसता उपदेश होईल.

मी मूळची श्रीरामपूर तालुक्यातली. आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि नानकटाई. नानकटाई घरी भाजता येत नसे. आई पीठ मळून, गोळे थापून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून बेकरीच्या भट्टीवर पाठवायची. ट्रेवर खडूने नाव लिहायचे आणि आपली पाळी येईपर्यंत आम्ही पोरे तिथेच थंडीत कुडकुडत उभी राहायचो. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सासरी ओव्हन होता, त्याचे मला केवढे अप्रूप! सासूबाईंचा हात बेकिंगवर उत्तम. कुकीला वरून चकाकी यावी म्हणून त्या अंड्याचा बलक फासायच्या. लहानसा ब्रश होता त्यासाठी.

आमच्या शेजारी बा राहतात. गुजराती कुटुंब, पक्के शाकाहारी. दिवाळीत त्यांच्याकडून घुघरा आणि मठिया यायचे, नाताळला आमच्याकडून ताटली जायची. आठेक वर्षांपूर्वी चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी मी घाईघाईने ताटली घेऊन गेले. रात्रीच्या मिस्सासाठी मुलांची वेशभूषा करायची होती, माझे लक्ष घड्याळाकडे. बांनी कुकी हातात घेऊन विचारले, "आमां ईंडुं तो नथी ने?" मी म्हटले, "नाही बा, खा ना." आणि उंबऱ्यातूनच परत फिरले.

खोटे बोलायचे असे काही मनात नव्हते. पिठात अंडे नव्हते, हे मला माहीत होते. वरच्या बलकाची आठवण झाली ती रात्री, गव्हाणीसमोर गुडघे टेकल्यावर. तेव्हाही मी स्वतःला समजावले की जाऊ दे, एवढासा तर हात फिरवला होता, त्यांना कुठे कळणार आहे. त्या क्षणापासून मात्र ते खोटेच झाले. विसरणे ही चूक होती. आठवल्यावर गप्प बसणे हे पाप होते. नव्या वर्षात पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बांना सांगितलंत का?"

सांगितले. बा रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सारुं थयुं, कही दीधुं." दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेकडून कळले की बांनी उपवास धरला आहे. माझ्या चुकीचे प्रायश्चित्त त्यांनी केले, तेही सत्तरीच्या पुढच्या वयात. पुढची दोन वर्षे नाताळची ताटली त्यांनी घेतली, पण देवघराशेजारच्या टेबलावर नुसती ठेवून दिली, खाल्ली नाही. याच काळात सासूबाई आजारी पडल्या तेव्हा बांच्या घरून रोज खिचडीचा डबा येत होता. म्हणजे प्रेम आटले नव्हते. आमच्या घरच्या शब्दावरचा विश्वास तेवढा गेला होता.

म्हणून "कोणाला कळणार आहे" असे म्हणणाऱ्या ताईंना माझे उत्तर असे आहे, की कळण्या-न कळण्याचा हा प्रश्नच नाही. ज्याने विश्वासाने हात पुढे केला त्याच्या तोंडात आपण काय घालतो, हे त्याला माहीत असले पाहिजे. ही गोष्ट मी मुलांना आठव्या आज्ञेच्या पाठात शिकवते. मग त्याच मुलांच्या हातून फसवी ताटली कशी पाठवू?

काकांचा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. बैठकीत त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतला दहावा अध्याय काढला. पेत्राला दर्शन होते, आकाशातून चादर उतरते, तीत सर्व तऱ्हेचे प्राणी असतात आणि देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नको असे त्याला सांगितले जाते. काका म्हणाले, "झाले तर! खाण्यापिण्याची बंधने आपल्यावर नाहीत." बरोबर आहे. पण अध्याय तिथे संपत नाही. दर्शन संपते न संपते तोच दारात कर्नेल्याची माणसे उभी राहतात आणि पेत्र एका परक्याच्या घरी जातो. पुढे तो स्वतःच सांगतो की कोणत्याही माणसाला अशुद्ध मानू नये, हे देवाने मला दाखवले. ज्या घराचा उंबरा आजवर ओलांडला नव्हता तो ओलांडता यावा, यासाठी ती चादर उतरली होती. पेत्र कर्नेल्याकडे गेला तो आपला डबा पुढे करून "आता हे खाऊन दाखव" म्हणायला गेला नाही.

पौलाचेही तसेच. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात तो खाण्याच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतो. आठव्या अध्यायातला दुर्बळ बंधू हा श्रद्धावंतांपैकीच आहे, तो दाखला बांना सरळ लावता येत नाही, हे मी मान्य करते. बा दुर्बळ नाहीत. आपल्या नेमाच्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा खंबीर आहेत. पण दहाव्या अध्यायात तो जेवणाच्या पंगतीतला प्रसंग घेतो आणि सांगतो की दुसऱ्याच्या विवेकभावासाठी आपण थांबावे. बाजारात मिळणारे सगळे खायला तू मोकळा आहेस, हे म्हणणाराच हेही म्हणतो. स्वातंत्र्य आहे म्हणूनच ते बाजूला ठेवता येते. ज्याला मोकळीकच नाही तो काय सोडणार?

आणि "आपली पद्धत" म्हणजे तरी काय? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे ही खोड मला आहे, सांभाळून घ्या. युरोपात कित्येक शतके आगमनकाळ हा उपवासाचा काळ होता आणि त्या काळात लोणीसुद्धा वर्ज्य होते. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात नाताळचा श्टोलन नावाचा पाव पीठ, पाणी आणि तेल यांचाच करत. त्यात लोणी घालायची परवानगी मिळावी म्हणून तिथल्या राजपुत्रांनी रोमला विनवण्या केल्या आणि अखेर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी पत्र पाठवून ती दिली. म्हणजे आज ज्याला आपण नाताळचा समृद्ध पदार्थ म्हणतो तो मुळात उपवासाचा पाव! आपल्या देशात केरळातले पुष्कळ ख्रिस्ती अजूनही नाताळआधी पंचवीस दिवस मांस-मासळी सोडतात. बेकिंगमध्ये काहीतरी सोडणे ही कोणा शेजाऱ्याने आपल्यावर लादलेली गोष्ट नाही, ती आपल्याच घरची जुनी रीत आहे.

कॉर्नफ्लेक्सची कथा तर याहून गमतीची. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावी सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट मंडळींचे आरोग्यधाम होते. ही मंडळी श्रद्धेपायी मांस टाळण्याचा आग्रह धरत. तिथले डॉक्टर जॉन हार्वी केलॉग आणि त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ रुग्णांसाठी पचायला हलके, बिनमांसाचे अन्न शोधत होते. शिजवून ठेवलेला गहू शिळा झाला, तो तसाच लाटण्यांतून काढला आणि त्याचे पातळ पापुद्रे पडले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. १८९६ साली त्याचे पेटंट मिळाले, मक्याचे पापुद्रे त्यानंतर आले आणि धाकट्या भावाने १९०६ मध्ये कंपनी काढली. त्यात साखर घालावी की नाही यावरून दोघा भावांचे बिनसले, ते वेगळेच. (आमच्या बैठका पाहता यात नवल वाटायला नको.) याच ॲडव्हेन्टिस्ट मंडळींचे स्पायसर विद्यापीठ पुण्यात औंधला आहे. सांगायचे एवढेच की काका ज्या कुकीत अंडे घालण्याचा हक्क मागत आहेत तिचा मुख्य जिन्नस शाकाहारी ख्रिस्ती लोकांनीच जगाला दिला.

आणखी जवळचे उदाहरण हवे तर सुरतेला चला, गाडीने दोन-अडीच तास. माझ्या आईची नानकटाई मूळची तिथली. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजला जाई. डच गेल्यावर भट्टी एका पारशी कारागिराच्या हाती आली. पाव ताडीने फुगवत, म्हणून गावातले लोक तो खाईनात. तेव्हा त्याने ताडी सोडली, अंडे सोडले आणि लोकांना चालेल अशी कोरडी बिस्किटे केली, त्यातून नानकटाई झाली, असे सांगतात. शेजाऱ्याला खाता यावे म्हणून भट्टीवाल्याने कृती बदलली आणि आज तीच नानकटाई श्रीरामपुरातल्या ख्रिस्ती घरांत नाताळचा पदार्थ म्हणून मिरवते. तिला कोणी अर्धवट म्हणत नाही.

शिवाय आपण गुजरातेत राहतो. राज्य झाले त्या १९६० सालापासून इथे दारूबंदी आहे. बाहेरगावचे नातेवाईक फळे रममध्ये महिनाभर भिजवतात, आपण संत्र्याच्या रसात भिजवतो. त्याने आपला नाताळ फिका झाला असे मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. कायद्यासाठी रम सोडायला जड गेले नाही, मग बांसाठी एक अंडे सोडायला का जड जावे?

तरी काकांच्या बोलण्यात एक दुखरी जागा आहे, ती मला समजते. २०२१ च्या नोव्हेंबरात आपल्याच शहरात रस्त्यावरच्या अंड्याच्या आणि मांसाहारी गाड्यांनी पदार्थ झाकून ठेवावेत, असे फर्मान निघाले आणि किती गाडीवाल्यांचे धाबे दणाणले, ते आपण पाहिले. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत ऑम्लेटचा डबा उघडत नाही, उपाशी घरी येते. तिला मी असे कधीही शिकवणार नाही की अंडे खाणे लाजिरवाणे आहे. आमच्या घरी पंचवीस तारखेला सासूबाईंच्या कृतीचा केक होतो, त्यात सहा अंडी पडतात आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. बांना ते माहीत आहे. झाकायचे काही नाही. कोणी दटावून आपले ताट बदलायला लावणे वेगळे आणि आपण आपल्या मनाने दुसऱ्यासाठी ताटली सजवणे वेगळे. पहिल्याला मी नाही म्हणेन. पण पहिल्याच्या रागापायी दुसरे करायचे थांबवले, तर तो राग आपण चुकीच्या दारात नेऊन ठेवला असे होईल. ती फर्माने बांनी काढलेली नाहीत.

आता बेकरीच्या खोक्याबद्दल. ज्यांना वेळ नाही, ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी जरूर विकत घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण मुलांसाठी खोके आणू नये असे माझे मत आहे. सारफथच्या विधवेने एलीयासाठी मूठभर पिठाची भाकर भाजली, दावीद भावांसाठी रणभूमीवर भाजलेले धान्य घेऊन गेला, बवाजाने रूथला आपल्या हाताने हुरडा दिला. शास्त्रात धान्य हातातून हातात जाते. मुलांचे हातही पिठात भरू देत. शिवाय खोक्यावरच्या हिरव्या ठिपक्याने काम भागते, मग शेजाऱ्याला काय चालते हे विचारायची गरजच उरत नाही. मला ते विचारणे हवे आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही एक घाणा करून पाहिला. तो पहिल्यांदा साफ फसला, कारण एका मुलाच्या आईने हाथीखान्यातून मक्याचे पोहे आणून दिले, ते चिवड्यासाठी तळायचे कच्चे पोहे होते. भाजल्यावर दगड! आमच्या वर्गातल्या सर्वांत धीट मुलाचा दातही हरला. तेव्हा लक्षात ठेवा, दुधात घालून खायचे तयार कॉर्नफ्लेक्सच हवेत.

दुसरा घाणा जमला. साधारण चाळीस कुकीसाठी २०० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम मैदा, एक लहान चमचा बेकिंग पावडर, दोन-तीन मोठे चमचे दूध आणि १५० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स. लोणी आणि साखर पांढरी होईपर्यंत फेटायची. डिसेंबरच्या सकाळी बडोद्यातही लोणी कडक असते, आधी तासभर बाहेर ठेवावे. पिवळे खारे लोणी असेल तर वेगळे मीठ नको. मैदा आणि बेकिंग पावडर चाळून घालायची, दुधाने गोळा बांधायचा. अंडे पीठ धरून ठेवते, इथे ते काम लोणी आणि दूध करतात. कॉर्नफ्लेक्सपैकी १०० ग्रॅम हाताने जाडसर चुरून अगदी शेवटी मिसळायचे. आधी घातले तर ते ओल पितात आणि मऊ पडतात. उरलेले ताटात पसरून छोटे गोळे त्यात घोळवायचे आणि हलके दाबायचे. १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे. बाहेर काढल्यावर कुकी मऊच लागते, म्हणून परत आत घालू नका. गार होता होता ती कडक होते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरली तर वाफेने सगळा कुरकुरीतपणा जातो. चकाकीसाठी वरून फासायचे असेल तर दूध फासा. आमचा जुना ब्रश मी टाकून दिला आणि नवा आणला.

मुलांना वर मार्शमॅलो लावायचे होते. त्याला मी नाही म्हटले, कारण त्यात बहुधा जिलेटिन असते आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. तुटीफ्रुटी लावली, मुले खूश झाली.

डब्यावर चिठ्ठी चिकटवायची आहे. मुले ती गुजरातीत आणि मराठीत स्वतःच्या अक्षरात लिहिणार आहेत: मैदा, लोणी, साखर, दूध, कॉर्नफ्लेक्स, तुटीफ्रुटी, अंडे नाही. ज्यांच्या घरी अंड्याची कुकी चालते त्यांच्यासाठी वेगळा डबा असेल, त्यावर तसे लिहिलेले असेल. आमच्या सोसायटीत एक कुटुंब असेही आहे की घराबाहेर शिजलेले काहीच घेत नाही. त्यांना डब्याचा आग्रह करायचा नाही, त्यांच्याकडे मुले केळी आणि नारळ घेऊन जातील आणि एक कॅरल म्हणून येतील. आणि यंदा ज्या तीन घरांत माणूस गेले आहे तिथे सणाचे काही केले जाणार नाही. त्यांच्याकडे डबे वर्गातर्फे सगळ्यांत आधी पोहोचवायचे आहेत, त्याची जबाबदारी मोठ्या मुलांनी घेतली आहे.

येत्या शनिवारी सकाळी नऊला सभागृहाच्या स्वयंपाकघरात या. येताना झाकणाचा डबा, एक ॲप्रन आणि असेल तर ट्रे आणा. काका, तुम्हीही या, फेटायला दणकट हात कमी पडतात. बांनाही विचारले आहे. गुडघ्यांनी साथ दिली तर येईन म्हणाल्या, पण एक तक्रार केली: कुरकुरीत कुकी करता, ज्यांना दात नाहीत त्यांनी काय करायचे? म्हणून एक ट्रे तीन मिनिटे आधी काढायचा आहे. त्यातल्या कुकी मऊ राहतील. त्यांचा डबा वेगळा ठेवा, गोंधळ करू नका.